मनाच्या दुखण्यालाही दवाखाना असतो
(वर्षावासातील रविवारच्या व्याख्यानमालेत एका निवृत्त शिक्षकाने दिलेले भाषण)



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला तेव्हा मी "मुलांची मने आणि त्यांवरील स्वस्त उपचार" असे सांगितले. त्यावर एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "गुरुजी, हा काय विहारात बोलावयाचा विषय आहे?" मी त्यास म्हणालो, "बाळा, तू पुढच्या रांगेत बैस आणि नंतर मला सांग." तो आज पुढच्या रांगेत बसला आहे. मी वैद्य नव्हे, पंडितही नव्हे. प्राथमिक शाळेत मुलांना बाराखडी शिकविण्यात माझे आयुष्य गेले. या विषयावर बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, या बाबतीत माझ्या हातून एक अपराध घडला आहे, आणि तो मी आज आपणांपुढे कबूल करणार आहे.

चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी एका खेड्यातील शाळेवर होतो. तिसरीच्या वर्गात आपल्याच समाजातील एक मुलगा होता. आईबाप शेतमजूर. मुलगा चुणचुणीत, परंतु धडा वाचता वाचता तो मधेच थांबे. डोळे एका जागी खिळत, पापण्या बारीक फडफडत, हातातील पेन्सिल गळून पडे. आठ-दहा सेकंदांनी तो पुन्हा वाचू लागे, पण भलत्याच ओळीपासून. असे दिवसातून अनेकदा होई. मला वाटे, पोरगा खिडकीबाहेर बघतो, लक्ष देत नाही. मी त्याचा कान पिळीत असे. पुढे छडीही वापरली. बापाला बोलावून, "तुमचा मुलगा ढोंगी आहे," असे तोंडावर सांगितले. बापाने घरी नेऊन पुन्हा मारले. आजीला वाटले की, हे बाहेरचे आहे. तिने त्यास देवऋषीकडे नेले. त्याने मिरच्यांची धुरी दिली, कोंबडे मागितले, हातात काळा दोरा बांधला. मुलगा दोन वेळा त्याच वर्गात नापास झाला.

पुढे एक तरुण डॉक्टर शाळेत मुले तपासण्यास आले. त्यांनी या मुलास कागदाची भिंगरी दिली आणि सांगितले, "न थांबता फुंकत राहा." सारा वर्ग हसू लागला. दोनएक मिनिटांत मुलगा फुंकायचा थांबला, नजर खिळली, पापण्या फडफडल्या. डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "गुरुजी, हे फेफरे आहे. या प्रकारात मूल पडत नाही, तोंडाला फेस येत नाही. त्या काही सेकंदांत त्यास काहीही ऐकू येत नाही, म्हणून ते तुम्हांस उत्तर देत नाही." औषध सुरू झाले आणि थोड्याच आठवड्यांत झटके थांबले. पुढील वर्षी तो वर्गात दुसरा आला. त्याच्या आयुष्यातील दोन वर्षे मी, त्याच्या बापाने आणि देवऋषीने मिळून खाल्ली; आणि त्या तिघांत लिहितावाचता मी एकटाच होतो.

आता काटेकोर बोलावयाचे तर फेफरे हा मेंदूचा आजार आहे, मनाचा नव्हे. परंतु आपल्या देशात जिल्हा रुग्णालयातील मनोविकार विभागातच त्याचेही उपचार होतात, आणि आपल्या वस्त्यांत या सर्व दुखण्यांना एकच नाव आहे, 'वेड' किंवा 'बाहेरचे'. म्हणून मी त्यांचा एकत्र विचार करीत आहे.

आपल्यापैकी पुष्कळ कुटुंबांनी अलीकडे दीक्षा घेतली आहे. आपण गंडेदोरे तोडले, उतारे-नवस सोडले. हे धैर्याचे काम होते. परंतु मी घरोघर हिंडतो, त्यामुळे मला ठाऊक आहे की, मूल तीन रात्री झोपत नाही, किंवा बाळंतीण बाळाकडे पाठ करून पडून राहते, तेव्हा रात्रीच्या अंधारात कोणीतरी मागल्या दाराने जुन्या माणसाकडे जाऊन येते. आपले तरुण त्यावर संतापतात आणि त्या घरास दूषणे देतात. मला हा संताप अपुरा वाटतो. देवऋषीकडे माणसे का जात होती, याचा आपण कधी विचार केला काय? तो चालत जाण्याच्या अंतरावर होता. तो कागदपत्रे मागत नसे. तो सकाळी अकरा ते एक एवढ्याच वेळात भेटत असे, असे नव्हे. तो घरातील सर्वांना समोर बसवून तासभर ऐकून घेई. त्याचे निदान खोटे होते, उपचार क्रूर होता आणि शेवटी तो घर धुऊन नेई. परंतु दुखणाइताच्या दारापाशी तो होता आणि डॉक्टर नव्हता. आपण त्याची जागा रिकामी केली. त्या रिकाम्या जागी आपण काय आणून बसविले? 'अंधश्रद्धा सोडा' एवढे सांगून बाळंतिणीच्या डोळ्यांतील पाणी थांबत नाही.

तो जुना मार्ग कोठवर नेतो, हेही एकदा पाहू. तमिळनाडूत रामनाथपुरम जिल्ह्यात एरवाडी येथे एका दर्ग्याच्या आसपास मनोरुग्णांना ठेवण्याची घरे होती. ६ ऑगस्ट २००१ रोजी पहाटे त्यांपैकी एका घरास आग लागली. रुग्ण साखळदंडांनी बांधलेले होते, त्यांस पळता आले नाही. २८ माणसे जळून मेली. ती माणसे कोणी परक्यांनी तेथे टाकली नव्हती. नाइलाजाने, बरे होतील या आशेने, त्यांच्या घरच्यांनीच ठेवली होती. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो होण्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर यांना त्याच वर्षी प्राण द्यावे लागले. कायदा आवश्यक होता. परंतु कायदा मांत्रिकाचे दुकान बंद करतो, डॉक्टरचे उघडीत नाही.

आता दुसरी बाजू पाहू. मनाच्या दुखण्यासाठी सरकारी सोय म्हणजे मोठ्या भिंतींचे इस्पितळ, अशी आपली समजूत आहे, आणि ती अगदीच चुकीची नाही. महाराष्ट्रात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी अशी सरकारी मनोरुग्णालये आहेत, आणि "ठाण्याला पाठवा", "येरवड्याला पाठवा" असे शब्द आपल्या बोलण्यात शिवीसारखे वापरले जातात. इंग्रजांच्या काळचा १९१२ चा कायदा 'वेड्यांचा' कायदा होता. माणसास समाजापासून दूर ठेवणे हा त्याचा हेतू. परंतु याच देशात, स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांतच, अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी एक साधी गोष्ट केली. त्यांनी रुग्णांच्या नातेवाइकांना आवारात तंबू देऊन रुग्णासोबत राहावयास लावले. आई, भाऊ, नवरा जवळ राहून शिकले की, हा आजार आहे, तो कमी होतो, औषध कसे द्यावे, काय बोलू नये. रुग्ण लवकर घरी जाऊ लागले, आणि घरचे लोक परत जाताना आपल्याबरोबर थोडे ज्ञान गावात घेऊन गेले. कुटुंब हे उपचाराचे ठिकाण होऊ शकते, ही गोष्ट तेथे दिसली.

त्यानंतर १९७५ च्या सुमारास चंदिगढच्या संस्थेने हरियाणातील रायपूर राणी येथे आणि बंगळूरच्या संस्थेने सकलवाडा येथे प्रयोग केले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील साधा डॉक्टर आणि आरोग्यसेविका हे काम शिकू शकतील काय, हा प्रश्न होता. उत्तर 'होय' असे आले. १९८२ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम जाहीर झाला. कर्नाटकातील बल्लारी जिल्ह्यात संपूर्ण जिल्हा हा घटक धरून तो राबवून पाहिला गेला, आणि १९९६ पासून 'जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम' या नावाने तो चार जिल्ह्यांतून सुरू होऊन हळूहळू देशभर पसरला. आज आपल्या जिल्हा रुग्णालयात मनोविकारांची बाह्यरुग्ण सेवा आहे ती याच कार्यक्रमाची. कर्जत असो वा किनवट, मुंबईस जाण्याची आधी गरज नाही. जिल्ह्याच्या गावी चौकशी करावी. या चमूने ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयांतही यावयाचे असते. तो दिवस कोणता, हे रुग्णालयाच्या फळ्यावर लिहिलेले असावे. नसेल तर विचारावे. मी विचारले तेव्हा एका ठिकाणी कारकुनास तो दिवस सांगता आला नाही; दुसऱ्यांदा आम्ही दहा जण जाऊन विचारले तेव्हा फळा रंगविला गेला.

ही सेवा आहे, तरी आपली माणसे तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झाले. शंभर प्रौढांत सुमारे साडेदहा जणांना, आणि तेरा ते सतरा वर्षांच्या मुलांमुलींत शंभरात सात जणांना त्या वेळी उपचार लागावा असा काही ना काही त्रास आढळला. आजार कोणता यानुसार, त्यांपैकी शेकडा ७० ते ९२ जण उपचारांवाचून होते. आणि जी कुटुंबे उपचार करीत होती त्यांस औषध व प्रवास मिळून महिन्यास एक ते दीड हजार रुपये खर्च येत होता. रोजंदारीवर जाणाऱ्या बाईने हा आकडा कसा पेलावा? त्यात तिची एक दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून 'स्वस्त उपचार' याचा अर्थ केवळ स्वस्त गोळी असा नव्हे. एस. टी. चे भाडे, बुडालेला रोज, पाठीमागे घरी राहिलेली लहान पोरे, हे सर्व त्या किमतीत मिळवावे लागते. सेवा दारापाशी आली तरच ती गरिबासाठी स्वस्त होते.

आणि देशात दर लाख माणसांमागे एक मनोविकारतज्ज्ञही नसताना ती दारापाशी यावी कशी? या प्रश्नाचे उत्तर गेल्या वीस-पंचवीस वर्षांत गरीब देशांनीच शोधले आहे, श्रीमंतांनी नव्हे. याचे मला मोठे समाधान वाटते.

आफ्रिकेत झिंबाब्वे नावाचा देश आहे. त्याच्या राजधानीत, हरारे शहरात, एंबारे नावाची गरिबांची वस्ती आहे. २००६ साली डॉ. डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाच्या हाताशी ना खोली होती ना परिचारिका. तेव्हा त्यांनी वस्तीतील चौदा आज्यांना शिकविले आणि दवाखान्याच्या आवारात झाडाखाली लाकडी बाके ठेवली. दुःखी माणूस बाकावर येऊन बसे, आजी त्याचे ऐके, त्याच्या अडचणींतील एक अडचण दोघे मिळून निवडीत आणि तिच्यावर पुढच्या आठवड्यापर्यंत काय करता येईल ते ठरवीत. तेथील लोक या दुखण्यास आपल्या भाषेत जे नाव देतात त्याचा अर्थ होतो 'अतिविचार'. आपल्या बायका तरी दुसरे काय म्हणतात? "विचार फार येतात हो, गुरुजी." २०१६ साली या कामाची शास्त्रीय परीक्षा झाली. आजीबरोबर बाकावर बसलेल्यांचा त्रास इतरांच्या मानाने स्पष्टपणे कमी झालेला दिसला.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. पाकिस्तानात रावळपिंडीच्या खेड्यांत डॉ. अतिफ रहमान यांनी घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांना शिकवून, गरोदरपणी खिन्नतेने ग्रासलेल्या स्त्रियांकडे पाठविले. सेविका गप्पा मारी, बाळाबद्दल विचारी, सासूलाही जवळ बसवी, आईच्या मनात बसलेला 'माझ्याने काहीच होणार नाही' हा विचार हळूच बाजूस सारी. २००८ साली याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. बाळंतपणानंतर सहा महिन्यांनी, ज्यांस ही शिकविलेली सेविका लाभली त्यांच्यापैकी शेकडा २३ स्त्रिया खिन्न राहिल्या होत्या. ज्यांस तशी शिकवण नसलेली सेविका भेटत होती त्यांच्यापैकी शेकडा ५३. शिवाय पहिल्या गटातील बाळांना जुलाब कमी झाले, लसी पूर्ण टोचल्या गेल्या, आणि आईच नव्हे तर बापही बाळाशी खेळू लागला. मातांनो, आपण हे नीट ध्यानात घ्यावे. मुलाच्या मनाचा दवाखाना कोठे सुरू होतो, तर आईच्या खाटेपाशी. बाळंतीण रडते, खात नाही, बाळास जवळ घेत नाही, तेव्हा ती 'माजली' नाही आणि तिला 'लागले'ही नाही. तो आजार आहे आणि तो बरा होतो. याच धर्तीवर पुढे गोव्यात शेजारच्याच स्त्रियांना शिकवून पाहण्यात आले. गोव्यातील 'संगाथ' ही संस्था १९९६ पासून अशी कामे करीत आली आहे, आणि साध्या शिकलेल्या माणसास समुपदेशक करता येते हे तिने अनेकवार दाखविले आहे.

आता आम्हा शिक्षकांची गोष्ट, कारण ती मला बोचते. बिहारात नालंदा जिल्ह्यात (होय, आपल्या महाविहाराचे तेच नालंदा) सत्तरांहून अधिक माध्यमिक शाळांत एक प्रयोग झाला. काही शाळांत मुलांच्या मनःस्वास्थ्याचे काम तेथील शिक्षकाकडेच दिले. काहींत वस्तीतील एका साध्या शिकविलेल्या माणसाला 'मित्र' म्हणून नेमले. शाळेत पेटी ठेवली, मुलांनी आपले दुःख कागदावर लिहून तीत टाकावे, भित्तिपत्रक काढले, एकेकट्याशी बोलणे ठेवले. २०१८ साली निष्कर्ष आला. 'मित्रा'च्या शाळांत मुलांना शाळा आपली वाटू लागली, खिन्नता आणि मारामारी कमी झाली. शिक्षकांच्या शाळांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. मला हे वाचून राग आला नाही. ज्याच्या हाती छडी आणि गुणपत्रक आहे, त्याच्या हाती मूल आपले मन देत नाही. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने मारणे आणि मानसिक छळ करणे या दोहोंना बंदी केली आहे, हे आपण आपल्या मुलांच्या शाळेत अवश्य सांगावे. परंतु छडी गेली तरी तिची आठवण लवकर जात नाही.

येथे आपल्या मुलांविषयी एक नाजूक गोष्ट बोलावी लागते. आपली मुले पुढे शिकू लागली, वसतिगृहांत गेली, आणि तेथे त्यांच्या आडनावाची, राखीव जागेची, बोलीची टवाळी होते. मूल घरी येऊन सांगत नाही, कारण आईबापांनी जमिनीचा तुकडा विकून त्यास पाठविलेले असते. ते गप्प होते, जेवत नाही, परीक्षा टाळते. १७ जानेवारी २०१६ रोजी हैदराबादच्या विद्यापीठात रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ रोजी मुंबईत डॉ. पायल तडवी गेली. पुढे २०१९ साली या दोघांच्या माता एकत्र येऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या, कारण केवळ आपल्या नव्हे, तर सर्वांच्या मुलांना संरक्षण मिळावे असे त्यांस वाटले. अशा प्रसंगी काही लोक म्हणतात, "मुलाचे मन दुबळे होते, समुपदेशन करावयास हवे होते." मी या म्हणण्यास विरोध करतो. अपमान हा रोग्याचा रोग नव्हे. अपमान करणाऱ्याचा दोष आहे. तेथे तक्रार पाहिजे, चौकशी पाहिजे. परंतु आपल्यातील दुसऱ्या टोकाचे लोक म्हणतात, "हा अन्यायाचा प्रश्न, यात डॉक्टर कशाला?" तेही मला मान्य नाही. कोणी पाय मोडला तर आपण फिर्यादही करतो आणि हाडही बसवितो. मुलाला झोप नाही, जगणे नको वाटते, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जावे आणि फिर्यादही त्याच आठवड्यात द्यावी. एकासाठी दुसरे थांबवू नये.

आता हक्क. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. तो आपल्या तरुणांनी वाचावा, कारण त्यात भीक नाही, अधिकार आहे. सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. दारिद्र्यरेषेखालील माणसास, त्याच्याजवळ कार्ड नसले तरी, ते विनामूल्य मिळाले पाहिजेत. उपचार देताना धर्म, जात, वर्ग यांवरून भेद करता येणार नाही, आणि यात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिलेला आहे. कोणी प्रचलित रीतिरिवाज किंवा धर्मसमजुती पाळीत नाही, एवढ्यावरून त्यास मनोरुग्ण ठरविता येणार नाही. ज्या घरांनी गावकीची कामे टाकली आणि म्हणून गावाने ज्यांस 'डोके फिरलेले' म्हटले, त्यांनी हे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे. रुग्णास कोणत्याही प्रकारे साखळीने बांधणे निषिद्ध आहे. अल्पवयीन मुलास दाखल करावे लागले तर मोठ्या माणसांत न ठेवता वेगळे ठेवावयाचे, आणि त्याचे माणूस त्याजपाशी राहील; मुलगी असेल तर सोबतीस स्त्रीच हवी. आई दाखल असेल तर तीन वर्षांखालील मूल तिच्यापासून सहसा तोडता येत नाही. या हक्कांचा भंग झाल्यास फुकट कायदेशीर मदत मिळते.

याच कायद्यातील एका तरतुदीने फार मोठी भीती दूर केली आहे. आपल्या वस्त्यांत कोणी कीटकनाशक घेतले तर घरचे लोक पोलिसांच्या भयाने दवाखान्यात 'चुकून प्याला' असे सांगतात, आणि मग पुढचे उपचारच होत नाहीत. कायदा म्हणतो की, जीव देण्याचा प्रयत्न करणारा मनुष्य असह्य ताणाखाली होता असे गृहीत धरावे, आणि त्यास उपचार देणे सरकारचे कर्तव्य आहे. तेव्हा खरे सांगावे.

पैशांबद्दल आणखी थोडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. १४ एप्रिल २०१८ रोजी, बाबासाहेबांच्या जयंतीदिनी, देशात उपकेंद्रांना आरोग्य केंद्रांचे मोठे रूप देण्याची योजना सुरू झाली आणि तिच्या कामांत मानसिक आजारांचाही समावेश आहे. २०२३ पासून त्यांच्या नावात 'मंदिर' हा शब्द आला आहे. नावाशी आपला वाद असू शकतो, औषधाशी नसावा. लहान मुलांसाठी २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघर येथून, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासावयाची असतात. मूल उशिरा बोलते, नजरेस नजर देत नाही, हाक मारल्यास वळत नाही, तर पथकास तसे सांगावे. जिल्ह्याच्या ठिकाणी अशा मुलांसाठी वेगळे केंद्र असते. मतिमंदत्व, स्वमग्नता, वाचन-लेखनातील अडचण आणि मनोविकार हे सर्व २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आले आहेत, आणि प्रमाणपत्र असल्यास अशा मुलांना परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. हुशार असूनही अक्षरे उलटी लिहिणारे मूल 'ढ' म्हणून शाळेतून काढण्यापूर्वी एवढी तपासणी करून घ्यावी. आणि ज्यास कोठेच जाता येत नाही, त्याच्यासाठी दूरध्वनी आहे. १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा रात्रंदिवस, विनामूल्य, मराठीतही मिळते. क्रमांक १४४१६. तो मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. मुलांनी वहीत उतरवून घ्यावा.

विहारात बोलत आहे म्हणून ध्यानाविषयी दोन शब्द. पुष्कळांना वाटते की, मनाचे दुखणे आहे ना, मग साधनेस बसवा. साधनेने निरोगी मनास बळ येते, यात शंका नाही. परंतु ज्यास भास होतात, आवाज ऐकू येतात, जो दिवसेंदिवस जेवत नाही, त्यास दहा दिवस मौनात बसविणे हिताचे नव्हे. विपश्यना शिबिरांच्या नियमावलीतच गंभीर मनोविकार असलेल्यांनी येऊ नये असे सांगितलेले आहे. चालू औषध तर कोणाच्याही सांगण्यावरून, माझ्यासुद्धा, एकाएकी बंद करू नये. फेफऱ्याचे औषध तसे बंद केल्यास झटके उलट जोराने येतात.

पटाचारेची कथा आपणांपैकी अनेकांनी या वर्षावासातच ऐकली असेल. एका दिवसात नवरा, दोन मुले, आईबाप, भाऊ, सर्व गेले, आणि ती श्रावस्तीच्या रस्त्याने विवस्त्र फिरू लागली. लोकांनी तिला वेडी म्हणून ढेकळे मारली. भगवंतापुढे ती आली तेव्हाही लोक तिला अडवू लागले. तेथे तिला जवळ येऊ देण्यात आले, एका माणसाने आपले उपरणे तिच्या अंगावर टाकले, मग तिने आपले सांगितले, आणि त्यानंतर उपदेश झाला. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो. उपरणे टाकणारा तो मनुष्य कोण होता, हे कथेत सांगितलेले नाही. तो कोणी वैद्य नव्हता, एवढे नक्की.

तेव्हा या वस्तीपुरते मी काय मागतो ते सांगून बसतो. उपासिका मंडळातील चार प्रौढ स्त्रियांनी जिल्हा रुग्णालयात जाऊन हे शिक्षण घ्यावे. मी तेथील समाजसेवकांशी बोललो आहे, त्यांची ना नाही. निवड करताना शिक्षण किती हे मागाहून बघू, आधी कोणाच्या पोटात गोष्ट राहते ते बघू. हे मी हसण्यासाठी म्हणत नाही. एका घरचे दुःख नळावर पोहोचले की, दुसरे घर दार उघडणार नाही. विहाराच्या मागील खोलीत गुरुवारी दुपारी, मजूर स्त्रियांना जमत नसेल तर रात्री आठ वाजता, त्यांनी बसावे. तेथे उपचार होणार नाहीत. तेथे ऐकणे होईल, आणि ज्याचे दुखणे ऐकण्याने भागणारे नाही त्यास सोबत घेऊन डॉक्टरकडे नेणे होईल. जो जीव देण्याची भाषा बोलतो त्यास एकटे सोडावयाचे नाही आणि गुरुवारची वाटही पाहावयाची नाही. जाण्यायेण्याच्या भाड्यासाठी दर घराने महिन्यास दहा रुपये द्यावेत, त्याचा हिशेब या भिंतीवर लागेल. दारूच्या पायी ज्या घरांत मुले रात्री ओट्यावर झोपतात त्या घरांचे काय, असे मला काल एका भगिनीने विचारले. दारू सोडविण्याचे उपचारही त्याच विभागात मिळतात. परंतु पिणारा येवो न येवो, त्याच्या मुलांनी आणि बायकोने या खोलीत यावे, असे मी तिला सांगितले.

ज्या मुलाची हकीकत मी आरंभी सांगितली, तो आता पन्नाशीकडे आला आहे आणि तालुक्याच्या गावी वीजजोडणीची कामे करतो. मागील उन्हाळ्यात तो मला बाजारात भेटला. मी त्याची क्षमा मागितली. तो म्हणाला, "गुरुजी, ते राहू द्या. माझी नात चार वर्षांची आहे, अजून बोलत नाही. कोठे दाखवू?" बुधवारी सकाळी सातच्या एस. टी. ने मी त्यांना घेऊन जिल्हा रुग्णालयात जाणार आहे. आणखी कोणास यावयाचे असेल तर बाहेर पडताना दारापाशी ठेवलेल्या वहीत नाव लिहावे. मुलाचे नाव लिहिले नाही तरी चालेल. किती जण येणार तेवढा आकडा पुरे.